राक्षसाच्या खोल्यांची रंगरंगोटी

दुकान मुलाच्या हाती दिलं की माणूस हा त्या दुकानातला सगळ्यात अडचणीचा माल होतो. नांदूरघाटच्या पेठेत नागप्पा अप्पांचं कापडाचं दुकान होतं. म्हणजे आजही आहे, पण आता ते राजेश्वरचं. अप्पा गादीवर टेकले की राजेश्वर म्हणे, "अप्पा, जरा सरका, ठाण काढायचंय." सरकून खुर्चीवर बसावं तर गिऱ्हाइकाला आरसा दिसत नसे. घरी जावं तर नेमका केर काढणं चालू आणि पाय वर घेण्याचा हुकूम. ज्या माणसानं पंचक्रोशीतल्या लग्नांचे बस्ते बांधले, नवरीच्या मामाला शालूच्या भावावरून रुसू दिलं नाही, त्याला भर गावात हातभर जागा उरली नाही.

ती जागा त्यांना डोंगरात सापडली.

अप्पा लिंगायत. रोजच्या लिंगपूजेला बेल लागतो आणि बेलाची झाडं गावामागच्या डोंगरात. तिथं घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांचं असं गचपण माजलंय की शेळीसुद्धा आत शिरताना विचार करते. एके सकाळी बेल तोडता तोडता अप्पांचा पाय घसरला आणि ते वेलींच्या पडद्यातून थेट एका ओसरीत जाऊन बसले. बसले म्हणजे आपटले, पण ते नंतर सांगताना बसलो असंच सांगत. अखंड कातळात कोरलेली ओसरी, दगडी खांब, मागं ओळीनं लहान लहान खोल्या आणि दर खोलीत एक दगडी ओटा. गावातल्या जुन्या माणसांना ही जागा ऐकून माहीत होती. तिला 'राक्षसाच्या खोल्या' म्हणत आणि राक्षस घरी असेल म्हणून कुणी जात नसे.

अप्पा श्वास खाली बसेपर्यंत एका ओट्यावर आडवे झाले आणि झोपले. उठले तेव्हा कैक वर्षं दुखणारी कंबर दुखायची थांबली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधे कुणी "सरका" म्हणालं नव्हतं. त्या दिवसापासून बेल तोडायला दुपार होऊ लागली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दीपमाला नावाच्या बाई आहेत. अप्पांनी त्यांना एकदा ती जागा दाखवायला नेलं. बाईंनी ओसरीच्या बाहेर चपला काढल्या आणि खोल्या-खोल्यांतून फिरून आल्या. मग म्हणाल्या, "अप्पा, राक्षस न्हाई इथं. हा बुद्धविहार हाय. पावसाळ्यात भिक्खू फिरायचं थांबवून अशा जागी राहायचे. तुमी ज्या ओट्यावर झोपता, त्यावर दोन हजार वर्षांमागं एखादा भिक्खू झोपत असंल."

अप्पा ताडकन उठून उभे राहिले. "मंग मी त्येच्या अंथरुणावर घोरतो की वो!"

त्या दिवसापासून ते हात जोडून, परवानगी घेऊन झोपू लागले.

इथवर सगळं ठीक होतं. तेवढ्यात बजरंगनं त्या डोंगरावर खडी क्रशर टाकायचं काढलं. बजरंग गावातलाच, त्याला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात, एक खडी आणि दुसरी अजून न फोडलेली खडी. डोंगर हा दुसऱ्या प्रकारातला. अप्पा त्याला समजावायला गेले तर म्हणाला, "अप्पा, तुमाला झोपायलाच पायजे ना? दुकानामागं बाज टाकून देतो. नवी कोरी."

अप्पांच्या मनाला हे फार लागलं. कारण बाज टाकायला दुकानामागं खरंच जागा नव्हती.

दीपमाला बाईंनी मसुदा केला, अप्पांनी सही केली आणि अर्ज निघाला: डोंगरात प्राचीन विहार आहे, पाहणी करावी, तोवर सुरुंग लावू देऊ नये. अर्ज निघाला म्हणजे पोचला असं नव्हे. एका कचेरीनं सांगितलं, झाडी आहे तर जंगलवाल्यांकडं जा. जंगलवाले म्हणाले, दगड आहे तर महसुलाकडं जा. महसुलात एका कारकुनानं चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "खोल्या आहेत म्हणता, मग घरपट्टी कोण भरतं?" अप्पा मनातल्या मनात हिशेब करू लागले. दोन हजार वर्षांची थकबाकी डोळ्यांपुढं उभी राहिली आणि ते चहा न पिता परतले.

आणि मग एके दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पुरातत्त्ववाल्यांचा निरोप आला की गुरुवारी सत्यशीला मॅडम पाहणीला येतील. बजरंगची परवानगी त्याच्या पुढच्या सोमवारी निघणार होती. म्हणजे डोंगराचं काय ते या गुरुवारीच ठरणार.

दीपमाला बाई नेमक्या प्रशिक्षणाला बीडला गेलेल्या. त्यांनी फोनवर बजावलं, "अप्पा, फक्त जायची वाट मोकळी करा. बाकी कशाला म्हंजी कशाला हात लावू नका."

अप्पांनी हे नीट ऐकलं होतं. हे पुढं फार महत्त्वाचं ठरलं, म्हणून इथंच सांगून ठेवलेलं बरं.

शेजारी रामकिसन राहतात. सेवानिवृत्त ग्रामसेवक. निवृत्त झालेला शिक्षक शिकवायचं थांबवतो, निवृत्त ग्रामसेवक मात्र शेवटच्या श्वासापर्यंत मार्गदर्शन करतो. पाहणीची बातमी कळताच ते बनियनवरच आले.

"अप्पा, चुना किती आणलाय?"

"चुना? कावून?"

रामकिसनांचा चेहरा असा झाला, जसं लग्नात नवरदेव कशाला म्हणून कुणी विचारावं. "साहेब येनार आन चुना न्हाई? आवं, माझी सारी नोकरी चुन्यावर निगाली. शाळा तपासनी, चुना. दवाखाना तपासनी, चुना. स्वच्छतेची समिती आलती तवा तर रस्त्याच्या कडंचा एक धोंडा सोडला न्हाई. एक म्हातारं कुत्रं झोपल्यालं होतं, त्येलाबी अंधारात एक हात बसला. साहेब गाडीतून उतरायच्या आदी चुना बगतो. चुना न्हाई म्हंजी गावाला साहेबाची किंमत न्हाई, असा शेरा पडतो."

"पर बाईंनी सांगितलंय, हात लावू नका."

"हात कोन लावतंय? ब्रश लावायचा."

अप्पा दोलायमान झाले. त्यांनी घरात पाहिलं. त्यांची बायको मल्लम्मा दारातूनच म्हणाली, "पावना येनार म्हणल्यावर घर झाडत्यात का तसंच ठेवत्यात? वटवाघळाच्या घानीत बसवनार का त्या मॅडमला? लोक काय म्हनतील?"

लोक काय म्हणतील या प्रश्नानं आजवर बरीच राज्यं बुडाली असतील. एका विहाराची काय कथा.

अर्जावर सही करायला ज्या गावात अप्पांशिवाय एक माणूस मिळाला नव्हता, ते गाव रंगरंगोटीला आपणहून लोटलं. बचत गटाच्या बायका शेणाच्या पाट्या आणि झाडण्या घेऊन आल्या. वेली ओढून काढल्या. वटवाघळांना धूर दिला. ओसरीचा कातळ शेणानं सारवून वर ठिपक्यांची रांगोळी घातली. बंकट पेंटर, जो एरवी निवडणुकीशिवाय ब्रश उचलत नाही, तो फुकट आला. खोल्यांना आतून-बाहेरून चुना, खाली गेरूचा पट्टा. ओसरीवर घोड्याच्या नालाच्या आकाराची नक्षीदार कमान होती. ती दगडी रंगात उठून दिसत नाही म्हणून तिला निळा ऑइलपेंट. एका खांबाचा खालचा निम्मा भाग गेलेला होता. ओसरीची पायरी नीट करायला आलेला गवंडी म्हणाला, आता सिमेंट कालवलंच आहे तर तोही भरून घेऊ. भरल्यावर तो इतर खांबांपेक्षा गुटगुटीत दिसू लागला, म्हणून इतरांनाही थोडं थोडं सिमेंट चढवून सगळे एका अंगाचे केले.

शेजारी कातळात पाण्याचं टाकं होतं. रामकिसनांनी ते उपसून घासलं आणि त्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली. ती त्यांच्या खात्याची जुनी खोड. बंकटनं प्रत्येक खोलीवर नंबर घातला. कोपऱ्यातली खोली जरा मोठी होती, तिच्यावर 'कार्यालय' लिहिलं. वर लाल अक्षरात 'सुस्वागतम'.

अप्पांना पहिल्यांदा जरा कसंतरी वाटलं होतं. पण बायका गाणी म्हणत सारवत होत्या, लोक "अप्पा, हिकडं बगा", "अप्पा, ह्यो रंग चालंल का?" असं विचारत होते. 'सरका' कुणी म्हणत नव्हतं. माणसाची अक्कल अशाच वेळी सुट्टीवर जाते. संध्याकाळी ते दूर उभे राहून पाहू लागले. विहार ग्रामपंचायतीसारखा दिसत होता, आणि गावात त्याहून मोठी स्तुती नाही.

बजरंग जीपमधून येऊन बघून गेला. "रंगवा, रंगवा," तो हसून म्हणाला. "पाडायच्या घराला रंग द्यायची बात आज पैल्यांदा बगतोय."

गुरुवारी सत्यशीला मॅडम आल्या. पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी, हातात टेप. अप्पा, रामकिसन, हार घेतलेली मल्लम्मा आणि अर्धं गाव वाटेला उभं. बजरंगही आला होता, आपला दगड बघायला. मॅडमनी नमस्कार केला, चुन्याच्या इमारतीकडं एकवार पाहिलं आणि तिला वळसा घालून भराभरा डोंगर चढू लागल्या.

अप्पा मागं धावले. मॅडम तरुण, अप्पांना दमा. वरच्या टेपाडावर मॅडम थांबल्या. "लेणं कुठंय?"

"ते... खाली राहिलं," अप्पा धापा टाकत म्हणाले.

"खाली तर ती नवीन धर्मशाळा आहे."

अप्पांना आधी अभिमान वाटला. मग मॅडमच्या चेहऱ्याकडं बघता बघता तो अभिमान पायांतून उतरून कातळात गेला.

मॅडम खाली आल्या. ओसरीत शिरल्या. गेरूच्या पट्ट्यावर बोट फिरवून बोटाकडं बघितलं. निळी कमान बघितली. गुटगुटीत खांबाला मिठी मारावी तसे दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या. 'कार्यालय' वाचलं. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडणं होतं की ओरडणं, यावर गावात अजून एकमत नाही. डोंगरातले होले उडाले. मल्लम्माच्या हातातला हार खाली पडला.

"पाणी द्या रे कुनीतरी," रामकिसन म्हणाले. कुणीतरी टाक्यातलंच आणून दिलं. मॅडमनी तोंडाला लावलं आणि औषधाच्या वासानं तसंच परत केलं.

जरा वेळानं त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. हळू आवाज जास्त भीती घालतो. "आजोबा, टाक्यावरच्या भिंतीत काही अक्षरं होती का? कोरलेली?"

"अक्षरं न्हाई, मॅडम," बंकट पुढं होऊन उत्साहानं म्हणाला. "कुनीतरी ओरखाडलं होतं, कावळ्याच्या पायावानी. आमी लांबी, म्हंजी पुट्टी, भरून गुळगुळीत केलंय. हात फिरवून बगा."

मॅडमनी हात फिरवला नाही. त्या शेणानं सारवलेल्या कातळावर, रांगोळीवरच बसल्या.

"तो शिलालेख असणार," त्या म्हणाल्या. "दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे टाकं दान दिलं असेल, आणि त्याचं नाव तिथं असेल. तेवढं एक नाव उरलं होतं."

अप्पा त्या गुळगुळीत भिंतीपुढं जाऊन उभे राहिले. त्यांनी आयुष्यात कुणाच्या ठाणाला कात्री वाकडी लावली नव्हती. आणि इथं ज्याच्या ओट्यावर ते परवानगी घेऊन झोपत होते, त्याला टाकं देणाऱ्याचं नाव त्यांनी पुट्टीनं पुसलं होतं.

"हा गुन्हा आहे!" मॅडम एकदम उसळल्या. "इतका प्राचीन विहार विद्रूप करणं हा गुन्हा आहे. कळतंय का तुम्हाला?"

"कळलं," असा आवाज गर्दीतून आला. तो बजरंगचा होता. पुढच्याच क्षणी त्याची जीप धुरळा उडवत चौकीच्या दिशेला गेलेली लोकांनी पाहिली.

अप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, मंग क्रशर?"

मॅडमनी डोळे पुसले. "मला स्वतःला दिसतंय, ही जागा जुनी आहे. पण हे फोटो वर पाठवले तर वरचे हसतील. आधी आमची माणसं येऊन हा चुना उतरवतील, मग पुन्हा पाहणी, मग अहवाल. त्याला महिने जातात. तोवर मला कुणालाही थांबवता येत नाही."

"परवानगी सोमवारी निगते," अप्पा म्हणाले. डोंगर वाचवायला निघालेल्या माणसानं बजरंगचं काम अर्ध्या खर्चात करून दिलं होतं.

रामकिसन हळूच म्हणाले, "गेरूचा पट्टा जरा जाड झाला का?"

अप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी त्या दिवशी पुन्हा मार्गदर्शन केलं नाही.

दुपारी चौकीतून बोलावणं आलं. अप्पा उभ्या जन्मात चौकीची पायरी चढलेले नव्हते. होळीची वर्गणीसुद्धा जमादार दुकानात येऊन नेत. सगळी पेठ दुकानांतून बाहेर आली. ज्या बायांनी अप्पांच्या हातून लग्नाचा शालू घेतला होता त्या पदर तोंडाला लावून बघत होत्या. राजेश्वर पाठोपाठ धावत आला. "अप्पा, काय बोलू नका तुमी. मी बगतो."

आत बजरंग पाय पसरून बसला होता. एका बाकावर सत्यशीला मॅडम, साक्षीला बोलावलेल्या. जमादार जाड चष्म्याचा शांत माणूस. त्यांनी बजरंगची तक्रार मोठ्यानं वाचली. "नांदूरघाट शिवारातील डोंगरात असलेला अतिप्राचीन बौद्ध विहार नागप्पा यांनी चुना, गेरू व सिमेंट लावून विद्रूप केला, म्हणून माझी तक्रार आहे." वाचून त्यांनी चष्मा पुसला. "बजरंगराव, डोंगरात अतिप्राचीन विहार हाय, हे तुमी सोता लिहून देताय?"

"व्हय, देतो की! सही केलीय ना खाली."

"आन तुमचा खडीचा अर्ज कुठल्या डोंगराचा हाय?"

"त्येच..." म्हणता म्हणता बजरंगचं तोंड उघडं राहिलं.

मॅडम बाकावर सरळ बसल्या. "साहेब, गुन्हा दाखल झाला तर ती जागा पुरावा होईल ना?"

"होईल. मंग तिथला खडाबी हलवता येत न्हाई. सुरुंगाचं तर नाव नको."

बजरंग उठून उभा राहिला. "साहेब, तक्रार मागं घेतो! म्हातारा मानूस हाय, जाऊ द्या."

"तुमी आत्ता घाईनं नोंदवायला लावलीत. नोंद झाली," जमादार म्हणाले. "आता सगळं अप्पांवर हाय. अप्पा, सरळ सांगा. ती जागा पुरातन हाय हे तुमाला माहीत होतं का? माहीत नव्हतं म्हनला तर अजाणता झालं. समज देऊन सोडतो, मामला इथंच मिटतो. माहीत होतं म्हनला तर गुन्हा. तारखा, कोर्ट, सगळं आलं."

खिडकीत पेठेतली तोंडं एकावर एक लागली होती.

"न्हाई म्हना अप्पा!" राजेश्वर काकुळतीला आला. "घराची इज्जत जाईल."

"न्हाई म्हना, काका," बजरंग हात जोडून म्हणाला. त्यानं अप्पांना आजवर काका कधीच म्हटलं नव्हतं. "तुमाला काय माहीत असनार? तुमी साधं भोळं मानूस. साहेब, ह्येनला कायबी ठाऊक न्हाई, मी शपथेवर सांगतो."

"रामकिसननं सांगितलं म्हनून केलं, असं म्हना," राजेश्वरनं दुसरा उपाय काढला.

दारामागून रामकिसनांचा आवाज आला, "मी कुटं सांगितलं? मी फक्त पद्धत सांगितली."

अप्पांनी एकवार खिडकीकडं पाहिलं. नाही म्हटलं की ते मोकळे. घरी जातील, पाय वर घेतील, सरकतील. आणि सोमवारनंतर त्या ओट्यांची खडी होऊन कुठल्यातरी रस्त्यावर पडेल.

"माहीत होतं," अप्पा म्हणाले.

"आवं न्हाई!" बजरंग ओरडला.

"माहीत होतं. दीपमाला बाईंनी मला सांगितलं होतं, दोन हजार वर्षांचा विहार हाय म्हनून. फोनवर बजावलंबी होतं, हात लावू नका म्हनून. मी सगळं नीट ऐकलं होतं. तरी चुना लावला. लिवा."

"साहेब, मानसाचं डोकं ठिकानावर न्हाई! त्येनला काय माहीत असनार..."

"ए बजरंग," अप्पा शांतपणे म्हणाले, "तू माझ्यावर तक्रार केलीस का माझं वकीलपत्र घेतलंस? गप बस. साहेब, तुमी लिवा. आन 'दोन हजार वर्षं' अक्षरात लिवा, आकड्यात कुनी खाडाखोड करतं."

जमादारांनी लिहिलं. अप्पांनी ते पुन्हा वाचून दाखवायला लावलं, मोठ्यानं, खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं. मग सही केली. सही गादीवरच्या काळातली, लांबलचक शेपटीची आली. बजरंग भिंतीला टेकून खाली बसला. राजेश्वर वडलांकडं असा बघत होता, जसं कुणीतरी परकंच माणूस आत येऊन बसलंय. सत्यशीला मॅडम उठल्या आणि बाकावर आपल्या शेजारी अप्पांसाठी जागा करून दिली.

तेवढ्यात गर्दी सारत मल्लम्मा आली. तशीच अनवाणी, डोक्यावरचा पदर सुटलेला, श्वास लागलेला.

"सुटलात का?" तिनं दारातूनच विचारलं.

"मी न्हाई अजून," अप्पा म्हणाले. "डोंगर सुटला."